भांडारघरातील चिंध्या

शास्त्रपाठ : यिर्मया ३८:७-१३, १ तीमथ्य ४:७-८, योहान ६:१२



पवित्र शास्त्रात सोन्यारुप्याच्या, उंची वस्त्रांच्या आणि सुगंधी द्रव्यांच्या दानांची वर्णने पुष्कळ आहेत. निवासमंडपासाठी इस्राएल लोकांनी आणलेली अर्पणे, शबाच्या राणीने शलमोनाला दिलेल्या भेटी, पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी बाळ येशूपुढे ठेवलेले नजराणे, ही सर्व आपल्या परिचयाची आहेत. परंतु जुन्या, झिजलेल्या आणि अडगळीत पडलेल्या वस्तू एका संदेष्ट्याचे प्राण वाचवताना उपयोगी पडल्या, ही हकीकत आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येते. यिर्मयाच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात ती आहे. तिच्या प्रकाशात आज आपण आपल्या घरातील एका अगदी साध्या गोष्टीचा विचार करणार आहोत. ती गोष्ट म्हणजे वापराविना पडून राहिलेली व्यायामाची साधने. हा विषय उपदेशाचा कसा, असे कोणास वाटले तर त्याने थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमाराचा काळ. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि नगरातील भाकर संपत आली होती. खास्द्यांना शरण जाल तरच जगाल, हा कटू संदेश यिर्मया निर्भयपणे देत होता. त्यामुळे संतापलेल्या सरदारांनी त्याला पहारेकऱ्यांच्या चौकातील हौदात सोडले. हौदात पाणी नव्हते, नुसता गाळ होता आणि त्या गाळात संदेष्टा रुतत चालला होता. हे वर्तमान राजवाड्यात सेवा करणाऱ्या एबद-मलेख नावाच्या कूशी खोजाच्या कानी गेले. तो परदेशी, वंशाने परका आणि पदाने सेवक. तरीही तो थेट बन्यामीन वेशीत बसलेल्या सिद्कीया राजाकडे गेला आणि यिर्मयावर होत असलेला अन्याय त्याने निर्भीडपणे राजापुढे मांडला. राजाने त्याला तीस माणसे बरोबर घेऊन संदेष्ट्याला बाहेर काढण्याची आज्ञा दिली.

आता यापुढे तो काय करतो, ते लक्षपूर्वक पाहा. दोर घेऊन तो थेट हौदाकडे धावत नाही. तो आधी राजवाड्यात भांडाराखालच्या जागेत जातो. तेथून फाटक्या चिंध्या आणि जीर्ण कापडे गोळा करतो, ती दोरांनी अलगद हौदात सोडतो आणि यिर्मयाला ती काखेखाली, दोराच्या आत ठेवण्यास सांगतो. उपासमारीने हाडे उरलेल्या त्या देहाला वर ओढताना दोर काखेत रुतू नये, एवढाच त्याचा हेतू. मूळ इब्री पाठात या चिंध्यांसाठी जे दोन शब्द योजले आहेत, त्यांपैकी ‘सेखावोत’ हा शब्द जुन्या करारात केवळ याच प्रसंगी येतो आणि ‘मेलाखीम’ हा शब्दही चिंध्या या अर्थाने इतरत्र कोठे सापडत नाही. ज्या शब्दाचा अर्थ लावण्यास दुसरे वचन हाताशी नाही, अशा शब्दापाशी अनुवादकाला थांबावेच लागते. असे थांबले म्हणजे लक्षात येते की, राजांच्या लढाया एकेका ओळीत संपवणाऱ्या शास्त्राने या जुन्या कापडांसाठी दोन संपूर्ण वचने खर्ची घातली आहेत. पवित्र आत्म्याला ही गोष्ट लिहून ठेवण्याजोगी वाटली.

आपली भांडारघरे

राजवाड्यातील ते भांडारघर आता आपल्या घरी आले आहे. मुंबई-पुण्याची सदनिका असो, वसईचे किंवा नगरचे जुने घर असो, की नोकरीनिमित्त इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचे बिऱ्हाड असो, घरात एखादा कोपरा असा असतोच. तेथे एक स्थिर सायकल उभी असते आणि तिच्या दांड्यावर टॉवेल वाळत असतात. घडी घातलेली ट्रेडमिल भिंतीला टेकलेली असते. पलंगाखाली डंबेल्सची जोडी गंजत असते. नियतकालिकांतील जाहिरातींमुळे एके काळी अनेक तरुणांनी हौसेने मागवलेला बुलवर्कर कपाटावर धूळ खात असतो. छाती रुंदावण्याची स्प्रिंग, मुठीने दाबण्याची ग्रिप, पोट कमी करण्याचा पट्टा अशी लहानमोठी मंडळी अवतीभवती विखुरलेली असतातच.

या वस्तूंना हसू नये. त्यांच्यामागे बहुधा एक सदिच्छा असते. डॉक्टरांनी रक्तातील साखरेविषयी इशारा दिला, म्हणून कोणी सायकल आणली. वडिलांना हृदयविकार जडला, तेव्हा मुलांनी वर्गणी काढून ट्रेडमिल घेतली. वडील प्रभूकडे गेले आणि यंत्र मागे राहिले. २०२० साली महामारीमुळे टाळेबंदी लागली, व्यायामशाळा बंद झाल्या आणि कित्येकांनी घरातच व्यायामाची सोय करून घेतली. पुढे दारे उघडली, दिनक्रम बदलला आणि यंत्र तेथेच राहिले. म्हणजे प्रत्येक यंत्राला एक इतिहास आहे आणि त्यातील काहींवर तर प्रियजनांच्या हातांचे ठसे आहेत. ते हलवणे कठीण जाते, ते केवळ वजनामुळे नव्हे.

शरीराचा व्यायाम ख्रिस्ती मनुष्याला गौण आहे, असेही म्हणू नये. १ तीमथ्य ४:८ मध्ये प्रेषित पौलाने वापरलेला ‘गुम्नासिया’ हा ग्रीक शब्द नव्या करारात एकदाच येतो. ‘गुम्नोस’ म्हणजे उघडा. ग्रीक तरुण विवस्त्र होऊन व्यायाम करीत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. व्यायामाच्या लाभाविषयी पौल तेथे जे शब्द योजतो, त्यांचा अर्थ ‘थोड्या प्रमाणात’ किंवा ‘थोड्या काळापुरता’ असा दोन्ही प्रकारे लावता येतो आणि भाषांतरकारांनी दोन्ही मार्ग चोखाळले आहेत. मात्र कोणताही अर्थ घेतला, तरी पौल व्यायामाला निरुपयोगी म्हणत नाही. सुभक्तीचा लाभ या आयुष्यापलीकडेही जातो, एवढेच त्याला सांगावयाचे आहे. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे करिंथच्या मंडळीला ठणकावून सांगणाराही तोच आहे. म्हणून ज्या साधनाने हे मंदिर सुस्थितीत राहते, ते साधन तुच्छ नव्हे. आणि जे तुच्छ नव्हे, ते कोपऱ्यात कुजू देणे योग्य नव्हे.

तर मग त्याचे काय करावे? एबद-मलेखाच्या कृतीतून आपण तीन गोष्टी शिकू.

१. अगोदर माणूस, मग वस्तू

एबद-मलेखाने भांडारघर आवरायला काढले नव्हते. जुन्या कापडांची विल्हेवाट कशी लावावी, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. त्याच्या मनात हौदातला माणूस होता, त्या माणसाचे कृश शरीर होते आणि त्या शरीराची काळजी वाहताना त्याला भांडारातील चिंध्या आठवल्या. आपला क्रम बहुधा याच्या उलट असतो. नाताळापूर्वीची साफसफाई निघते, घराला रंग द्यायचा असतो किंवा बदलीचा हुकूम येतो आणि मग कोपऱ्यातील यंत्र डोळ्यांत खुपू लागते. ‘कोणाला तरी देऊन टाकू,’ असे आपण म्हणतो. या वाक्यातील ‘कोणाला तरी’ हे शब्द विचार करण्यासारखे आहेत. त्यात चेहरा नाही, नाव नाही. आणि ‘देऊन टाकू’ यात देणे कमी व टाकणे अधिक आहे.

क्रम बदलला की दृष्टी बदलते. आपल्या मंडळीतील माणसे डोळ्यांपुढे आणा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्थिर सायकल चालवण्याचा सल्ला मिळालेला, पण ती विकत घेणे न परवडणारा निवृत्त शिक्षक असेल. पक्षाघातानंतर हातात पुन्हा बळ यावे म्हणून धडपडणारी एखादी आई असेल. आखडलेला खांदा हलका व्हावा म्हणून हलक्या डंबेल्सची गरज असलेली परिचारिका असेल. पोलीस भरतीची तयारी करताना विटा आणि दगड उचलणारा गरीब घरचा तरुण असेल. अशा प्रत्येकाच्या बाबतीत कोणते साधन योग्य, हे त्याच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने ठरवावे. आपण आपली वस्तू त्याच्या गळ्यात बांधू नये. ट्रेडमिलला जागा लागते, वीज लागते, दुरुस्ती लागते. दीड खोलीच्या घरात किंवा वारंवार वीज जाणाऱ्या गावी ती पाठवणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारी नेणे होय. रुग्णालये, वृद्धाश्रम आणि वसतिगृहे यांनाही आधी विचारावे. नको असल्यास नको म्हणण्याची मोकळीक त्यांना मनापासून द्यावी, कारण देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून पुष्कळ संस्था नको असलेल्या वस्तूही मुकाट्याने ठेवून घेतात.

व्यायामाच्या साध्या साधनाचे मोल काय असते, हे निकामी झालेल्या अवयवांत पुन्हा बळ आणू पाहणाऱ्यांना विचारावे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटार अपघातात गंभीर इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्या तरुण डॉक्टर होत्या. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचे शास्त्र आत्मसात केले. १९६६ साली वेल्लोर येथे त्यांच्या पुढाकाराने पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. अशा ठिकाणी एक दांडा, एक कप्पी, एक वजन ही साधने मनुष्याला पुन्हा उठून बसायला शिकवतात. ज्या बाईने स्वतःचे लुळेपण देवाच्या हाती दिले, तिच्या सेवेतून शेकडो लुळ्यांना बळ मिळाले. आपल्याला तर केवळ एक लोखंडी यंत्र द्यायचे आहे.

२. वेळेवर बाहेर काढणे

चिंध्या भांडारात होत्या आणि त्या कोठे आहेत हे एबद-मलेखाला ठाऊक होते. त्याने विलंब केला असता, तर चिंध्या भांडारात राहिल्या असत्या आणि संदेष्टा गाळात गेला असता. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानी मनुष्य बजावतो की, वस्तू हाताशी असताना शेजाऱ्याला उद्या येण्यास सांगू नये. आपण शेजाऱ्याला नव्हे, तर स्वतःलाच दरवर्षी सांगतो : ‘पुढच्या महिन्यापासून मी पुन्हा व्यायाम सुरू करणार आहे.’ हे वचन खरे ठरल्यास उत्तमच. पण वर्षामागून वर्ष उलटले असेल, तर आता प्रामाणिक निर्णय घ्यावा. एक तर उद्या सकाळी त्या सायकलीवर बसावे, नाही तर ती चालू स्थितीत असतानाच दुसऱ्याला द्यावी.

कारण यंत्र थांबून राहिले तरी काळ थांबत नाही. रबराचा पट्टा न वापरताही कडक होतो आणि त्याला भेगा पडतात. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढतो. पावसाळ्याच्या ओलीने मोटार व विद्युत् पाट्या बिघडतात. काही वर्षांनी त्या नमुन्याचे सुटे भागही बाजारात मिळेनासे होतात. आज जी वस्तू दान आहे, ती पाच वर्षांनी केवळ भंगार असेल.

याउलट, हाताशी असलेली साधी वस्तू योग्य वेळी बाहेर आली तर काय घडते, याचे एक उदाहरण व्यायामाच्याच क्षेत्रातले आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. त्यांचे धर्मशास्त्राचे शिक्षण झालेले होते. हिवाळ्यात बंद सभागृहात तरुणांना खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम त्यांच्यावर सोपवले होते. त्यांनी शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, शिपायाने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या आणि बास्केटबॉल या खेळाचा जन्म झाला. ज्या संस्थेत हे घडले तिच्याच परंपरेतून, हॅरी क्रो बक यांच्या प्रयत्नाने, १९२० साली मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले आणि भारतातील शारीरिक शिक्षणाला त्याने दिशा दिली. खोकी नाहीत म्हणून त्या शिपायाने हात झटकले नाहीत. जे होते ते त्याने आणून दिले.

३. काखेखालची चिंधी

आता या कथेतील सर्वात हृदयस्पर्शी भागाकडे येऊ. एबद-मलेखाने कापडे हौदात फेकली नाहीत, दोरांनी खाली सोडली. फेकली असती तर ती गाळात भिजून निरुपयोगी झाली असती. एवढेच करून तो थांबला नाही. ती कोठे ठेवावी हेही त्याने सांगितले. घेणाऱ्याच्या शरीराला कोठे इजा होईल, याचा त्याने आधी विचार केला होता. दानाची ही खरी कसोटी आहे.

मलाखी संदेष्ट्याने पहिल्या अध्यायात याजकांना खडसावले आहे. आंधळे, लंगडे आणि रोगी पशू वेदीवर आणता; हेच आपल्या अधिकाऱ्याला भेट म्हणून देऊन पाहा, तो संतुष्ट होईल काय, असा त्याचा सवाल आहे. लंगडी सायकल आणि तुटक्या पट्ट्याची ट्रेडमिल ‘गरिबांसाठी’ पाठवताना हा सवाल आपण स्वतःला विचारावा. गरिबाला दिलेले दान प्रभूला पोहोचते, असे आपण मानतो ना? मग ते प्रभूला देण्याजोगे असावे.

नियमशास्त्रातही या विषयाला लागू पडणारी एक आज्ञा आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन सांगते की, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही. आपल्या मालकीच्या वस्तूमुळे दुसऱ्याला अपाय होऊ नये, ही जबाबदारी देव मालकावर टाकतो. वस्तू देऊन टाकली म्हणजे ही जबाबदारी संपली, असे समजू नये. २०२१ साली अमेरिकेत एका लहान मुलाचा ट्रेडमिलखाली ओढला जाऊन मृत्यू झाल्यानंतर, एका नामांकित कंपनीला त्या नमुन्याची यंत्रे बाजारातून परत बोलवावी लागली. म्हणून यंत्र देण्यापूर्वी ते जाणकाराकडून तपासून घ्यावे. पट्टा झिजला असेल तर बदलावा. वायरीचे आवरण फाटले असेल तर नवी वायर बसवावी. सायकलीचे पायटे, बैठक, ब्रेक आणि सर्व नटबोल्ट घट्ट आहेत ना, ते पाहावे. ट्रेडमिल एकदम थांबवण्याची किल्ली हरवली असेल, तर ती मिळवल्याखेरीज यंत्र कोणाला देऊ नये. माहितीपुस्तिका असेल तर सोबत द्यावी आणि जो दोष उरला असेल तो लपवू नये. यंत्र चालू असताना मुलांना जवळ फिरकू देऊ नये आणि काम झाल्यावर वीज बंद करून प्लग काढून ठेवावा, हेही सांगावे.

दुरुस्तीचा आणि टेम्पोचा खर्च कोणी करावा? दावीद राजाचे उत्तर या बाबतीत स्पष्ट आहे. अरवना यबूसी खळे, बैल आणि लाकूडफाटा सर्व फुकट देऊ करीत असताना दावीदाने मोल देऊनच ते घेतले, कारण स्वतःला काहीच पडले नाही असे अर्पण त्याला परमेश्वरापुढे न्यायचे नव्हते. ज्याला आपण वस्तू देतो, त्याच्यावर तिच्या वाहतुकीचा बोजा टाकला तर आपले दान त्याला महागात पडेल. हे यंत्र दोन माणसांनी त्याच्या घरी पोहोचवावे, योग्य जागी मांडून द्यावे आणि महिन्याभराने एकदा विचारपूस करावी. तेवढ्याने काखेखाली चिंधी ठेवली जाते.

मोडलेले तुकडे

पण जी साधने दुरुस्तीपलीकडे गेली आहेत, त्यांचे काय? पाच हजारांना भोजन दिल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, काही फुकट जाऊ नये म्हणून. ज्याने नुकतीच पाच भाकरींतून विपुलता निर्माण केली होती, त्याला तुकड्यांची काय कमतरता? तरीही बारा टोपल्या भरल्या गेल्या. विपुलता हे नासाडीचे कारण होऊ शकत नाही, हे प्रभूने तेथे दाखवून दिले.

स्थिर सायकलीचे जड चाक बहुधा बिडाचे, सांगाडा पोलादाचा, ट्रेडमिलच्या मोटारीतील गुंडाळी बहुधा तांब्याची. हे धातू पुन्हा वितळतात आणि पुन्हा नवे रूप घेतात. एक टन पोलाद भंगारापासून बनवले, तर सुमारे १,४०० किलो लोहखनिज आणि ७४० किलो दगडी कोळसा वाचतो. म्हणून डंबेल्स, सळ्या आणि सांगाडे भंगारवाल्याकडे देण्यात कमीपणा नाही. त्याचा व्यवसाय सृष्टीच्या राखणीचाच एक भाग आहे. काही डंबेल्स मात्र प्लास्टिकच्या आवरणात वाळू किंवा सिमेंट भरलेले असतात. ते भंगारात चालत नाहीत. तडा गेलेला नसेल तर वापरणाऱ्यालाच द्यावेत.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ यांच्या यादीत विजेचे किंवा इलेक्ट्रॉनिक भाग असलेली क्रीडासाधनेही आहेत. म्हणजे मोडकी ट्रेडमिल हा ई-कचरा आहे आणि ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेली पाहिजे. येथे पुन्हा हौदातला माणूस आठवावा. दिल्लीतील सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे तांबे मिळवण्यासाठी वायरी उघड्यावर जाळण्याचे प्रकार घडत आले आहेत. प्लास्टिकचा विषारी धूर आणि विद्युत् पाट्यांवरील शिसे यांची झळ कामगारांना बसते, वस्तीतील मुलांना बसते. आपण चार पैसे अधिक मिळतात म्हणून ज्याच्या हाती यंत्र दिले, तो ते कोठे नेतो, हा प्रश्न विचारणे हे शेजाऱ्यावर प्रीती करण्यात मोडते. न दिसणारा शेजारीही शेजारीच असतो.

साधनाचे रूप आणि हेतू बदलणे, ही देवाच्या राज्याची खूण आहे. यशया आणि मीखा या दोघांनीही तलवारींचे नांगराचे फाळ होण्याचा दिवस पाहिला. ट्रेडमिलचा स्वतःचा इतिहासही असाच आहे. १८१८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट या अभियंत्याने कैद्यांना शिक्षा म्हणून फिरवायला लावण्याचे पायचाक तयार केले. काही तुरुंगांत ते कशालाच जोडलेले नसे. कैदी तासन्‌तास चढत राहत आणि पीठही दळले जात नसे. १८९८ च्या कायद्याने तिकडे ही शिक्षा मागे पडली. पुढे १९५२ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी मोटारीची ट्रेडमिल हृदयरोग्यांच्या तपासणीसाठी उपयोगात आणली. माणसाचे बळ व्यर्थ घालवणारे साधन माणसाच्या हृदयाची काळजी घेणारे झाले. ज्यांच्या विश्वासाच्या केंद्रस्थानी शिक्षेचा एक खांब तारणाचे चिन्ह होऊन उभा आहे, त्या आपल्याला अशा परिवर्तनाचे नवल वाटू नये.

हृदयाचा व्यायाम

शेवटी एक शब्द पाहू आणि थांबू. ‘गुम्नासिया’शी संबंधित ‘गुम्नाझो’ हे क्रियापद नव्या करारात चार वेळा येते. तीमथ्याला सुभक्तीची कसरत करण्यास सांगताना ते येते. इब्री लोकांस पत्रात ते दोनदा येते : एकदा बरेवाईट ओळखण्याचा सराव झालेल्या ज्ञानेंद्रियांविषयी आणि एकदा शिस्तीने घडलेल्या जीवनाविषयी. चौथे स्थळ मात्र दचकवणारे आहे. २ पेत्र २:१४ मध्ये खोट्या शिक्षकांविषयी लिहिताना प्रेषित म्हणतो की, त्यांच्या हृदयांना लोभाची कसरत झाली आहे. म्हणजे हृदयालाही व्यायामशाळा असते. तेथे लोभाचेही स्नायू बळकट होतात आणि औदार्याचेही. लोभ याला ग्रीक शब्द आहे ‘प्लेओनेक्सिया’, म्हणजे अधिक बाळगण्याची ओढ.

या दृष्टीने कोपऱ्यातील त्या यंत्राकडे पाहा. आपले शरीर त्यावर चढत नसले, तरी हृदयाची कसरत रोज चालूच असते. ‘राहू दे, असू दे, कधी तरी लागेल,’ असे म्हणताना मूठ मिटण्याचा सराव होतो. नव्या नमुन्याचे यंत्र घेता यावे म्हणून जुने दान करणे हाही त्याच सरावाचा एक चतुर प्रकार आहे. जागा रिकामी झाली की अधिकाची ओढ तेथे येऊन बसते. देणगीदाराचे नाव रंगवून यंत्र सभागृहात मांडण्याचा मोहही असाच. यिर्मयाला बाहेर काढल्यावर एबद-मलेखाने त्या चिंध्यांवर आपले नाव लिहिले नाही. तसे पाहिले तर त्याचे नावही आपल्याला ठाऊक आहे की नाही कोणास ठाऊक, कारण एबद-मलेख याचा अर्थ केवळ ‘राजाचा सेवक’ असा आहे. आणि भांडारही त्याचे नव्हते. भांडार राजाचे होते, चिंध्या राजाच्या होत्या. त्याने फक्त त्या योग्य माणसापर्यंत पोहोचवल्या. तरीही पुढल्याच अध्यायात, नगर पडण्याच्या दिवशी तुझा जीव वाचेल, असा परमेश्वराचा निरोप त्याच्यासाठी येतो. देव चिंध्यांचा हिशेब ठेवतो.

प्रियजनहो, आपल्या घरातील भांडारही राजाचेच आहे आणि आपण त्याचे सेवक आहोत. म्हणून या आठवड्यात दोन कामे करा. प्रथम, उपासनेच्या वेळी शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी कोणाचे शरीर व्याधीने खचले आहे, याची प्रेमाने चौकशी करा. प्रत्यक्ष भेटा, त्याचे ऐकून घ्या. त्यानंतर घरी येऊन तो कोपरा पाहा. कदाचित तेथे त्याच्या उपयोगाचे काही असेल. कदाचित नसेलही, मग यंत्राला दुसरा वाटेकरी शोधावा लागेल. पण त्या माणसाची भेट तरी झालेली असेल, आणि गाळात रुतणाऱ्याला पहिला आधार वरून येणाऱ्या ओळखीच्या आवाजाचाच असतो.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या घरांतील सर्व काही तुझे आहे, हे आम्ही ओठांनी कबूल करतो, ते हातांनीही कबूल करण्याचे बळ दे. जे आम्हास लागत नाही ते ज्यांना लागते त्यांच्यापर्यंत नेण्यास आमचे पाय चालव. देताना घेणाऱ्याला इजा होणार नाही, त्याचा मान दुखावणार नाही, अशी कोमलता आम्हास दे. आमच्या हृदयांना लोभाची नव्हे, तर सुभक्तीची कसरत घडो. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.